शंभर युनिटांच्या आतील माणूस

युरोपातील देशांच्या घरगुती ऊर्जावापराचे तक्ते दरवर्षी प्रसिद्ध होतात. त्यांत दिवे आणि घरातील उपकरणे यांना लागणाऱ्या विजेचा एक स्वतंत्र रकाना असतो. खोल्या ऊबदार ठेवण्यासाठी, आंघोळीच्या पाण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी लागणारी ऊर्जा त्यातून वगळलेली असते. हे वगळणे आवश्यकच आहे. नॉर्वेतील सर्वसाधारण कुटुंब वर्षाला पंधरा-सोळा हजार युनिट वीज वापरते असे वाचले की आपल्याकडील वाचक चकित होतो. परंतु तेथील घरे प्रामुख्याने विजेवरच ऊबदार ठेवली जातात आणि ती वीज डोंगरातील पाण्यावर तयार होते, हे कळले की त्या आकड्याचा अर्थ पालटतो. युरोपीय संघातील घरे एकूण जी ऊर्जा वापरतात तिच्यातील जवळजवळ दोन-तृतीयांश केवळ थंडी घालवण्यात खर्च होते. दिवे आणि उपकरणे यांचा वाटा सातव्या हिश्शाच्या आसपास आहे. तो वेगळा काढून घरांच्या संख्येने भागला, तर दर घरामागे वर्षाला सुमारे दोन हजार युनिट एवढा आकडा येतो. घरात माणसे सरासरी सव्वादोन.

हा आकडा आपल्याकडे उद्धृत झाला की त्याला जोडून एक वाक्य ठरल्याप्रमाणे येते: पहा, आपला भारतीय माणूस किती काटकसरी! परिसंवादांतून आणि मंत्र्यांच्या भाषणांतून हे वाक्य इतके रुळले आहे की त्यातील लबाडी आता कोणाला टोचतही नाही. म्हणून प्रथम त्या लबाडीचा हिशेब मांडू.

राधानगरी तालुक्यातील एखाद्या वाडीवरचे दोन खोल्यांचे कौलारू घर घ्या. माणसे पाच. नऊ वॅटचे चार एलईडी दिवे रोज पाच तास लागले, तर महिन्याला साडेपाच युनिटांच्या आत भागते. छताचा एक साधा पंखा पंचाहत्तर वॅटचा. तो रोज आठ तास फिरला तर अठरा युनिट. साठ वॅटचा टीव्ही चार तास, म्हणजे सात युनिट. मिक्सर रोज दहा मिनिटे, म्हणजे अडीच युनिट. मोबाइल भारित करण्यासाठी एक युनिट धरा. बेरीज चौतीस युनिटांची होते, म्हणजे वर्षाला सुमारे चारशे दहा. माणशी हिशेब केला तर युरोपीय माणसाच्या वाट्याला केवळ दिवे आणि उपकरणे यांसाठी वर्षाकाठी नऊशेच्या आसपास युनिट येतात. वाडीवरच्या माणसाच्या वाट्याला ब्याऐंशी. या ब्याऐंशीत फ्रीज नाही, कपडे धुण्याचे यंत्र नाही, मुलांच्या अभ्यासाला वेगळा दिवा नाही. पंखा एकच असल्यामुळे चैत्र-वैशाखात त्याखाली कोणी निजायचे हा घरातील वादाचा विषय असतो. याला काटकसर म्हणणे म्हणजे उपाशी माणसाला मिताहारी म्हणण्यासारखे आहे. युरोपीय संघातही माणशी घरगुती वीजवापर सर्वांत कमी कोठे आहे, तर रुमानियात. त्यावरून रुमानियन जनतेच्या साधेपणाचे गोडवे कोणी गात नाही. तेथील उत्पन्न आणि घरांची स्थिती यांकडे बोट दाखवले जाते. तोच न्याय आपल्यालाही हवा.

राधानगरीचे उदाहरण आम्ही केवळ जवळचे म्हणून घेतलेले नाही. वीज कोठे निर्माण होते आणि कोणाच्या घरी जाते, या प्रश्नाला येथे शंभर वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. भोगावतीवर धरण बांधण्याचा संकल्प राजर्षी शाहूंनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात केला. एका संस्थानिकाने आपल्या खजिन्यातून हे धाडस करावे, हे त्या काळी अपूर्व होते. गावाला आपल्या कन्येचे, राधाबाई अक्कासाहेबांचे नाव त्यांनी दिले. पैशाअभावी १९१८ च्या सुमारास काम थांबले, महाराज १९२२ मध्ये निवर्तले आणि धरण पूर्ण झाले ते स्वातंत्र्यानंतर. पन्नाशीच्या दशकात धरणाच्या पायथ्याशी वीजगृह उभे राहिले. प्रत्येकी १.२ मेगावॅटचे चार संच, एकूण ४.८ मेगावॅट. आजच्या मानाने हा आकडा किरकोळ वाटेल. पुढे याच तालुक्यात दूधगंगेवर काळम्मावाडीचे मोठे धरण झाले आणि त्याच्या पायथ्याशी २४ मेगावॅटचे वीजगृह आले. दरवर्षी पावसाळ्यात राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले याची बातमी कोल्हापूर शहर श्वास रोखून ऐकते. परंतु त्याच पावसात धरणाच्या वरच्या अंगाला, दाजीपूरच्या बाजूच्या वाड्यांवर झाड पडून तार तुटली, तर अंधार किती दिवस राहिला याची बातमी होत नाही.

हे केवळ राधानगरीचे दुःख नव्हे. १९२१ मध्ये मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, तेव्हा त्यांची भातखाचरे बुडणार होती आणि वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळणार होती. साठीच्या दशकात कोयनेने महाराष्ट्राच्या औद्योगिकीकरणाला बळ दिले, आणि कोयनेचे विस्थापित आपल्या हक्कांसाठी त्यानंतर अर्धशतक उलटून गेले तरी झगडत राहिले. दोन्ही ठिकाणी खोरे बुडाले ते डोंगरातल्या माणसाचे आणि दिवा लागला तो दुसऱ्याच्या घरी.

तथापि ‘वीज आमची, दिवे त्यांचे’ ही तक्रार करून थांबणे आम्हांस पुरेसे वाटत नाही. आज तारा बहुतेक वाड्यांपर्यंत पोहोचल्या आहेत. २००५ ची राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजना आणि २०१७ ची सौभाग्य योजना यांनी खांब आणि मीटर यांचा प्रश्न पुष्कळ अंशी सोडवला, हे मान्य केले पाहिजे. प्रश्न आता खांबाच्या पुढे, उंबऱ्याच्या आत गेला आहे. तारेतून आलेली वीज वापरण्याची ऐपत त्या घरात आहे काय, आणि ती नसेल तर का नाही, हा तो प्रश्न. याचे उत्तर शोधायचे तर वीजबिल वाचावे लागते.

तालुक्यातील कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासवर्गास येताना प्रत्येकाने आपापले बिल आणावे असे आम्ही सुचवले होते. बिले आली, परंतु स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क हे पाच रकाने वेगळे करून सांगू शकेल असा कार्यकर्ता त्यांत विरळा. एक जुने साथी म्हणाले, “सर, आम्ही बघतो तो शेवटचा आकडा. मधले आकडे त्यांचे.” अर्थशास्त्राच्या वर्गात तीन तास खर्ची घालूनही इतके नेमके सांगता आले नसते. अन्यायाचे मूळ त्या मधल्या आकड्यांतच आहे.

२०२४-२५ चे महावितरणचे घरगुती दरपत्रक घ्या. पहिल्या शंभर युनिटांचा वीज आकार युनिटला ४ रुपये ७१ पैसे, पुढच्या टप्प्याचा, म्हणजे १०१ ते ३०० युनिटांचा, १० रुपये २९ पैसे. त्यावर प्रत्येक युनिटामागे १ रुपया १७ पैसे वहन आकार. येथवर सगळे ठीक दिसते. थोडी वीज वापरणाऱ्याला स्वस्त, जास्त वापरणाऱ्याला महाग, हे तत्त्व समाजवाद्यांना पटणारेच आहे. परंतु त्यावर दरमहा १२८ रुपये स्थिर आकार आहे आणि तो दहा युनिट वापरणाऱ्यालाही तेवढाच आहे. या सगळ्या बेरजेवर राज्य सरकारचे सोळा टक्के वीज शुल्क.

आता वाडीवरच्या चौतीस युनिटांचे बिल काढा. वीज आकार १६० रुपये, वहन आकार ४० रुपये, स्थिर आकार १२८ रुपये, आणि वर शुल्क. एकूण सुमारे ३८० रुपये. चौतिसाने भागले की युनिटची किंमत अकरा रुपये वीस पैशांच्या घरात जाते. बरोबर शंभर युनिट वापरणाऱ्या घराचा हिशेब केला, तर युनिट आठ रुपये तीस पैशांना पडते. आणि दोनशे युनिट वापरणाऱ्या, फ्रीज, गीझर, दोन-तीन पंखे असलेल्या शहरी घराला? पुढच्या महाग टप्प्यात जाऊनही दहा रुपये ऐंशी पैशांना. इंधन समायोजनाची भर दर महिन्याला बदलते म्हणून ती येथे धरलेली नाही. ती धरली तरी चित्र पालटत नाही. थोडक्यात, दरपत्रकाच्या पहिल्या ओळीत ज्याला सर्वांत स्वस्त वीज दिल्याचे दिसते, तो सर्वांत महाग वीज विकत घेत असतो. आणि एखाद्या वृद्धेने महिन्याला पंचवीसच युनिट वापरले, तर तिच्या बिलात विजेच्या किमतीपेक्षा स्थिर आकार मोठा असतो.

दारिद्र्यरेषेखालील जोडण्यांना महिना तीस युनिटांपर्यंत निराळा, सवलतीचा दर आहे, असे उत्तर यावर मिळेल. मिळते हे खरे. परंतु वर मांडलेला हिशेब पुन्हा पहावा. चार दिवे, एक पंखा, एक टीव्ही आणि एक मिक्सर एवढ्यावर चौतीस युनिट होतात. आपल्या राज्यात छताचा पंखा लावल्याने माणूस दारिद्र्यातून वर येतो असा याचा अर्थ घ्यायचा काय?

स्थिर आकाराच्या समर्थनार्थ सांगितले जाते की तारा, खांब, रोहित्रे यांचा खर्च वापरावर अवलंबून नसतो, म्हणून तो प्रत्येक ग्राहकाकडून सारखा घ्यावा. ही युक्तिवादाची तऱ्हा पाठ्यपुस्तकी आहे आणि आम्ही ती अनेक वर्षे शिकवलीही आहे. पण पाठ्यपुस्तकातच पुढे असेही लिहिलेले असते की जाळ्याची क्षमता ठरते ती सर्वाधिक मागणीच्या घटकेवरून. ती घटका वातानुकूलन यंत्रे आणि गीझर ठरवतात. वाडीवरचे नऊ वॅटचे दिवे ठरवत नाहीत. ज्याने जाळ्यावर जास्त भार टाकला त्याने जाळ्याचा खर्च जास्त सोसावा, हा न्याय साधा आहे.

युरोपाकडे पुन्हा वळू, कारण तेथून शिकण्यासारखे जे आहे ते आपल्याकडे सहसा सांगितले जात नाही. तेथील घरांत उपकरणांची संख्या गेल्या तीस वर्षांत वाढत गेली. टीव्हीचे पडदे मोठे झाले, कपडे वाळवण्याची यंत्रे, संगणक, दुसरा फ्रीज यांची भर पडली. तरी विजेचा वापर त्या प्रमाणात वाढला नाही. हे जनतेला बचतीचे उपदेश करून घडले नाही. कारखानदारांवर कायदा घालून घडले. १९९२ मध्ये घरगुती उपकरणांवर ऊर्जावापराची चिठ्ठी लावण्याचा निर्देश निघाला. १९९५ पासून फ्रीजवर ती दिसू लागली. १९९९ पासून ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक वीज खाणारा फ्रीज विकण्यासच बंदी आली. सप्टेंबर २००९ मध्ये शंभर वॅटचा तारेचा दिवा बाजारातून हटला आणि २०१२ पर्यंत त्याची लहान भावंडेही गेली. कंपन्यांनी ‘अ’ वर्गाच्या पुढे अधिकची चिन्हे लावत लावत चिठ्ठीच निरर्थक करून टाकली, तेव्हा मार्च २०२१ पासून सगळी मोजपट्टी पुन्हा खाली ओढून नव्याने आखण्यात आली. बाजार आपण होऊन काटकसरी वस्तू बनवतो असे सांगणाऱ्यांना आम्ही एवढीच आठवण देऊ की १९२४ मध्ये जिनिव्हात युरोप-अमेरिकेतील दिवे बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी ‘फीबस’ नावाचा संघ उभारला आणि दिव्याचे आयुष्य वाढवण्यासाठी नव्हे, तर ते हजार तासांवर आणण्यासाठी करार केला. ज्याचा दिवा जास्त टिकेल त्या कारखान्याला दंड! दुसरे महायुद्ध सुरू होईपर्यंत हा संघ चालला.

आपल्याकडेही या दिशेने काहीच झाले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यान्वये ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरो स्थापन झाला, २००६ पासून उपकरणांवर तारे दिसू लागले. एलईडी दिव्यांची कथा तर आमच्या वाचकांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी. २०१४ मध्ये सरकारी खरेदीत जो दिवा तीनशे दहा रुपयांना पडत होता, तो २०१६ मध्ये अडतीस रुपयांवर आला. हे कशाने घडले? सार्वजनिक कंपनीने कोट्यवधी दिव्यांची एकत्र मागणी नोंदवून निविदा काढल्या म्हणून. उजाला योजनेतून ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. आजच्या केंद्र सरकारशी आमचे मतभेद जगजाहीर आहेत. पण सार्वजनिक खरेदीचे सामर्थ्य यापेक्षा स्पष्टपणे सिद्ध करणारे उदाहरण अलीकडच्या काळात दुसरे नाही, आणि ते समाजवादी विचाराचे उदाहरण आहे, हे म्हणायला आम्ही कचरणार नाही. याचा अर्थ राधानगरीच्या भाषेत सांगायचा तर असा: पायथ्याच्या जुन्या वीजगृहातील १.२ मेगावॅटचा एक संच साठ वॅटचे वीस हजार दिवे लावू शकत होता. नऊ वॅटचे तेवढाच उजेड देणारे दिवे तो एक लाख तेहतीस हजार लावू शकेल. धरण तेच, पाणी तेच.

मग ही गाडी दिव्यापाशीच का थांबली? वर मांडलेल्या चौतीस युनिटांत दिव्यांचे साडेपाच आहेत आणि एकट्या पंख्याचे अठरा. दुकानदार ज्याला बीएलडीसी पंखा म्हणतात तो तेवढाच वारा तीस वॅटच्या आसपास देतो. तो लावला तर अठराचे सात होतात. परंतु त्याची किंमत साध्या पंख्याच्या दुपटीच्या आसपास आहे. पंख्यावर तारे सक्तीचे झाले ते जानेवारी २०२३ पासून, आणि दिव्यांप्रमाणे कोट्यवधींची सार्वजनिक खरेदी करून पंख्याची किंमत पाडण्याचे काम त्या प्रमाणात झालेले नाही. मधल्या वर्गाचा माणूस हिशेब करतो की जादा दिलेले हजार-बाराशे रुपये दोन वर्षांत वसूल होतील, आणि पंखा घेतो. ज्याची मजुरी आठवड्याच्या बाजारात संपते, ज्याच्या डोक्यावर बचतगटाचा नाहीतर खासगी वित्तसंस्थेचा हप्ता आहे, त्याला दोन वर्षांनंतरची बचत आज उसनी मिळत नाही. तो स्वस्त पंखा घेतो आणि महाग बिल भरत राहतो. गरिबी महाग पडते ती अशी.

फ्रीजविषयीही येथे दोन शब्द. फ्रीज म्हणजे चैन, अशी एक समजूत आपल्या चळवळीत दीर्घकाळ होती आणि ती पुरुषांची समजूत होती. उन्हाळ्यात सकाळचे कालवण संध्याकाळी टिकले तर घरातील बाईचा एक वेळचा स्वयंपाक वाचतो. ऊसतोडीहून किंवा रोपलावणीहून परतल्यावर चुलीपुढे बसण्याची तिची सक्ती टळते. युरोपातील कामगार घरांत ही यंत्रे महायुद्धानंतरच्या दोन-तीन दशकांत पोहोचली. आपल्याकडील बाईने ती मागितली तर तिला चंगळवादाचे व्याख्यान ऐकवू नये.

मोफत विजेच्या घोषणेबद्दल आमचे मत विचारले जाते. येथून जवळच, सीमेपलीकडे निपाणी-चिकोडीच्या मराठी घरांत जुलै २०२३ पासून कर्नाटक सरकारची गृहज्योती योजना लागू आहे. दोनशे युनिटांपर्यंत बिल शून्य. आमच्या बाजूचे लोक पाहुण्यांकडून हे ऐकतात आणि विचारतात, आम्हाला का नाही? प्रश्न रास्त आहे. परंतु योजनेचे कलम बारकाईने वाचले पाहिजे. मोफत मिळते ते सरसकट दोनशे युनिट नव्हे. त्या घराचा आदल्या वर्षीचा सरासरी वापर आणि त्यावर दहा टक्के, दोनशेच्या मर्यादेत. म्हणजे ज्याचा वापर एकशे ऐंशी होता त्याला जवळजवळ दोनशे मोफत, आणि ज्याचा तीस होता त्याला तेहतीस! पुढे २०२४ मध्ये अठ्ठेचाळीस युनिटांच्या आतील घरांना दहा टक्क्यांऐवजी दहा युनिटांची वाढ देण्यात आली, तेव्हा दोष थोडा सौम्य झाला. पण तत्त्व तेच राहिले. कालच्या विषमतेलाच आजच्या हक्काचे माप केले गेले. छतावरील सौर विजेच्या केंद्रीय योजनेचे तरी काय? फेब्रुवारी २०२४ पासून तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान आहे. ज्याच्या घराला स्लॅब आहे आणि उरलेली रक्कम उभी करण्याची ऐपत आहे, त्याच्या घरी हे अनुदान जाते. चार महिने पावसाने झोडपलेल्या कौलांवर ते बसत नाही.

आमच्या मते मागणी निराळी असली पाहिजे. प्रत्येक घराला महिन्याला पहिले पन्नास युनिट स्थिर आकाराविना आणि वीज शुल्काविना, सर्वांत कमी दराने मिळावेत. त्यासाठी दारिद्र्याचा दाखला लागू नये. जी रक्कम कमी पडेल ती तीनशे युनिटांच्या पुढील वापरावर आणि भाराच्या प्रमाणात बसवलेल्या स्थिर आकारातून वसूल व्हावी. आणि याच्या बरोबरीने, वेगळी नव्हे, दुसरी मागणी: पंखा आणि लहान फ्रीज यांची दिव्यांसारखीच सार्वजनिक खरेदी, आणि बिलातून हप्त्याने वसुली. दोन्ही एकत्र का? हिशेब करून पहा. आजच्या साध्या पंख्याने आणि जुन्या धाटणीच्या फ्रीजने पन्नास युनिटांत घर भागत नाही. चौतिसात फ्रीजचे वीस मिळवले की चोपन्न होतात. पण चांगला पंखा आणि चांगला फ्रीज असेल तर तेच घर पस्तिसाच्या आसपास चालते आणि उरलेल्या पंधरांत दुसरा पंखाही बसतो, मुलीच्या अभ्यासाचा दिवाही. नुसता हक्क दिला आणि उपकरण निकृष्ट राहिले, तर सरकारचा पैसा मोटारीच्या उष्णतेत जाईल. नुसते उपकरण दिले आणि स्थिर आकार तसाच राहिला, तर बचतीचा लाभ बिलात उतरणारच नाही.

वीज तोडण्याचाही प्रश्न यात येतो. २००३ च्या वीज कायद्याच्या ५६ व्या कलमान्वये थकबाकीदाराला पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन वीज तोडता येते. फ्रान्समध्ये १ नोव्हेंबर ते ३१ मार्च या थंडीच्या काळात घराची वीज तोडण्यास मनाई आहे. आणि तेथील सरकारी वीजकंपनीने एप्रिल २०२२ पासून वर्षभरच तोडणी थांबवून, थकबाकीदाराचा पुरवठा सुमारे एक किलोवॅटपुरता मर्यादित करण्याची पद्धत स्वीकारली. दिवे, फ्रीज, फोन चालू राहतात. थकबाकी माफ होत नाही. स्पेनमधील रेऊस गावी नोव्हेंबर २०१६ मध्ये एका ८१ वर्षांच्या बाईचा मेणबत्तीने लागलेल्या आगीत अंत झाला. तिची वीज दोन महिन्यांपूर्वी तोडलेली होती. लोक रस्त्यावर आले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात सरकारला दुर्बल ग्राहकांच्या संरक्षणाचा वटहुकूम काढावा लागला. म्हणजे श्रीमंत युरोपातही हा हक्क कोणी बसल्या जागी दिलेला नाही.

प्रीपेड मीटरकडे याच दृष्टीने पाहिले पाहिजे. पैसे संपले की वीज आपोआप जाते. नोटीस नाही, पंधरा दिवस नाहीत, तोडायला येणारा माणूसही नाही, म्हणजे जाब विचारायला समोर कोणी नाही. ब्रिटनमध्ये थकबाकीदारांच्या घरांत शिरून जबरदस्तीने असे मीटर बसवले जात असल्याचे उघडकीस आल्यावर फेब्रुवारी २०२३ मध्ये नियामकाला ते थांबवावे लागले. महाराष्ट्रात २०२४ मध्ये जनतेचा विरोध पाहून सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असे सरकारने जाहीर केले. या लढ्यात इचलकरंजीचे साथी प्रताप होगाडे आणि त्यांची महाराष्ट्र वीज ग्राहक संघटना यांनी आकडेवारीनिशी जे काम केले, ते कार्यकर्त्यांनी अभ्यासण्यासारखे आहे. कोल्हापूर जिल्ह्याला मोर्चाची परंपरा आहेच. मोर्च्याच्या हातात आकडा असला की त्याला उत्तर देणे अवघड जाते.

पुढचे काम सांगून टाकतो. वीज नियामक आयोगापुढे दरवाढीचा प्रस्ताव येतो तेव्हा कायद्याप्रमाणे तो प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. उद्योजकांच्या संघटना जाडजूड हरकती दाखल करतात, यंत्रमागधारक करतात, शेतीपंपधारक करतात. शंभर युनिटांच्या आतील घरांच्या वतीने बोलणारे फार थोडे असतात. हरकत मराठीत लिहिता येते, वकील लागत नाही. प्रत्येक शाखेने आपल्या गावातील पन्नास युनिटांच्या आतील वीस घरांची बारा महिन्यांची बिले गोळा करावीत. प्रत्येक बिलात एकूण रकमेला युनिटांनी भागून खरा दर काढावा. त्या घरात पंखा किती, दिवे किती, फ्रीज आहे की नाही, पावसाळ्यात वीज किती दिवस गेली, हे घरातील बाईला विचारून लिहावे. असा कागद तालुक्यातून एकत्र होऊन आमच्याकडे आला, तर त्याचे तक्ते करून देण्याची जबाबदारी आम्ही घेतो. पावसाळ्यात वाड्यांवर जाणे अवघड होईल. तेव्हा दसऱ्यानंतर लगेच सुरुवात व्हावी.